तारखेआधीचे, तारखेनंतरचे

सरकारने काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न विचारवंतांच्या ग्रंथांत फार मोठ्या शब्दांत विचारला जातो. मुंबईच्या उपनगरांत तो लहान शब्दांत विचारला गेला. पाणी येणार का? नोटीस आली का? फोटोपास आहे का? अंधेरी, जोगेश्वरी, मालाड, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड इथल्या लाखो माणसांनी सरकारला ओळखले ते या प्रश्नांच्या उत्तरांवरून. त्या उत्तरांचा थोडा इतिहास आम्हाला इथे मांडायचा आहे. त्याला एक कारण आहे. आपल्या समाजात सरकारविषयी बोलणे निघाले की ते बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते: वर आपला माणूस आहे की नाही. आपला माणूस एकदा वर होता. अगदी सर्वात वर. तेव्हा काय झाले, हेही पाहायला हवे.

पण सुरुवात पाण्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई बेटावर माणसे वाढली आणि विहिरी-तलाव पुरेनासे झाले. तेव्हा हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीत, मिठी नदीच्या उगमाशी, विहारचा तलाव बांधला गेला. १८६० साली त्याचे पाणी नळाने मुंबईत पोहोचले. मग १८७९ मध्ये तुळशी आणि १८९०च्या सुमारास पवई. हे तिन्ही तलाव आजच्या उपनगरांच्या कुशीत आहेत. पण ते बांधले गेले बेटावरच्या शहरासाठी. ज्या साष्टीच्या डोंगरांवरून पाणी उतरत होते, तिथल्या खेडुतांनी विहिरीवरच पाणी भरायचे होते. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, तेही ठाणे जिल्ह्यातून मुलुंड, भांडुप, घाटकोपर ओलांडत पुढे गेले. म्हणजे या भागाची सरकारशी पहिली मोठी गाठ पडली ती अशी: सरकारचे नळ दारावरून जातात, पण त्यांतले पाणी दुसऱ्याचे असते. (पवईचे पाणी पुढे पिण्यालायक ठरले नाही, ही त्यातली गंमत.)

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे तत्त्व मात्र आपल्या मुलखात कागदावर फार लवकर आले होते. १९२३च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला की सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तो पुढच्या वर्षी मान्य केला. आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली, तेव्हा काहींनी महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. कोकणातल्या आपल्या वाचकांना ही हकीकत ऐकून माहीत असते, पण तिचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. तळे खासगी की सार्वजनिक, हा दावा कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठरावापासून चौदा वर्षे! या सबंध काळात सरकार होते, पोलीस होते, नगरपालिका होती. नव्हती ती कागदावरचा शब्द गल्लीत उतरवण्याची इच्छा.

उपनगरे मुंबई महापालिकेत आली ती दोन टप्प्यांत, १९५० आणि १९५७ साली. त्याआधी वांद्रे, कुर्ला, घाटकोपर यांचा कारभार वेगळा होता. दुसऱ्या टप्प्यात हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. हद्द वाढली तशी गर्दीही वाढली, आणि त्यातली पुष्कळशी गर्दी खुद्द सरकारनेच शहरातून उचलून इथे आणून टाकलेली होती. तुर्भ्याची जनता कॉलनी हे याचे ठळक उदाहरण. शहरातल्या झोपड्या हटवून माणसांना तिथे जागा दिली गेली, तेव्हा ती ओसाड दलदलीची होती. माणसांनी भर घातली, घरे उभी केली, मशिदी, देवळे आणि शाळा बांधल्या. मग शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जमीन हवी झाली. लोक कोर्टात गेले आणि हरले. १९७६च्या मे महिन्यात, आणीबाणीत, मोठ्या पोलीस बंदोबस्तात वस्ती मोडली. सत्तर हजारांच्या आसपास माणसे चिता कॅम्पला हलवण्यात आली. आज चिता कॅम्प ही मुंबईतल्या मोठ्या मुस्लिम वस्त्यांपैकी एक आहे. तिथल्या जुन्या माणसांच्या हिशेबात सरकारने आपल्याला दोनदा वसवले आणि दोनदा उठवले. बेकायदा कोण, हा प्रश्न त्यांना विचारणाऱ्याने हा हिशेब आधी ऐकावा.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सरकारने आणखी एक गोष्ट केली होती. झोपड्यांची गणती. १९७१च्या झोपडपट्टी कायद्यानंतर सरकारने प्रथमच मान्य केले की ही माणसे आहेत, आणि ती उद्या नाहीशी होणार नाहीत. झोपडीला नंबर मिळाला, कुटुंबाचा फोटो निघाला, फोटोपास मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे. नळ, संडास, विजेचा दिवा आणि हटवल्यास पर्यायी जागा, हे सगळे त्या पासामागून आले. पण तिथूनच तारखेचे राज्यही सुरू झाले. गणतीत जो सापडला तो माणूस. जो त्या दिवशी गावाला गेला होता, जो आठवडाभर उशिरा आला, ज्याचा नंबर मुकादमाने लिहिला नाही, तो कोणीच नाही. पुढे तारीख सरकत गेली: १९८०, १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग २०१४च्या दुरुस्तीने १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११पर्यंतच्यांनाही घर देण्याचे ठरले, पण पैसे मोजून. प्रत्येक तारखेच्या मागे एक निवडणूक शोधली तर सापडते. हक्क म्हणून जे एकदाच सर्वांना द्यायचे, ते मेहेरबानी म्हणून हप्त्याहप्त्याने देण्याची ही रीत आहे. आमचे या रीतीशी भांडण आहे. माणसे तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे अशी विभागली की शेजारी शेजाऱ्याच्या विरोधात उभा राहतो, आणि मधले दलाल पोसले जातात. जुन्या तारखेची शिधापत्रिका ही वस्तीत सोन्यासारखी विकली जाऊ लागली, ती या कारणाने.

आता १९८१.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८०च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे, मराठीत भाषण ठोकणारे मुसलमान. आपल्या घराघरांत तेव्हा काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. माणूस धडाडीचा. निराधारांसाठी संजय गांधी अनुदान योजना सुरू केली ती त्यांनीच. म्हाताऱ्या, विधवा, अपंग माणसाला दरमहा सरकारी पैसा मिळावा, ही कल्पना त्या काळात नवी होती. ती योजना आजही चालू आहे आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी बेवा बायकांच्या चुली तिने पेटत्या ठेवल्या. कुलाबा जिल्ह्याला रायगड नाव दिले, नवे जिल्हे केले. फाइल अडकू न देता निर्णय घेणारा मुख्यमंत्री अशी ख्याती झाली.

आणि याच मुख्यमंत्र्यांनी १३ जुलै १९८१ रोजी जाहीर केले की मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवून आपापल्या गावी पाठवण्यात येईल. कारण दिले गेले ते दयेचे: हे जगणे माणुसकीला धरून नाही, पावसात ही माणसे कशी राहणार? म्हणून भर पावसात पाडकाम सुरू झाले. पोलीस, महापालिकेचे कर्मचारी आणि बसगाड्या. तमिळनाडूतल्या सेलमहून १९६१ साली आलेला, दहिसरच्या रसायन कंपनीत रोजावर काम करणारा एक मजूर होता. त्याची पथारी २३ जुलैला मोडली आणि त्याला बायको व तीन मुलींसह सेलमच्या गाडीत बसवले. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो परत आला. कारण काम इथे होते. त्याच्यासह काही जणांनी, पत्रकार ऑल्गा टेलिस यांनी आणि नागरी हक्क संघटनांनी दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेले.

या अर्जदारांत उपनगरातलेही लोक होते. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेलगत, विलेपार्ल्याच्या बाजूला कामराजनगर नावाची वस्ती होती. ती १९६०-६१च्या सुमारास वसली, आणि वसवली कोणी? हायवेच्या कडेने पाण्याचे नळ टाकणाऱ्या बांधकाम कंपनीच्या मजुरांनी. काम संपले, मजूर तिथेच राहिले. पुढे त्यांच्यात महापालिकेचे नोकर, कारखान्यांतले आणि हॉटेलांतले कामगार आले. ज्यांनी अंधेरी-बोरिवलीकडच्या रस्त्याकडेने पाइप पुरले, त्यांच्या झोपड्यांना महापालिकेच्या वहीत साधा नंबरही नव्हता.

सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. तो पुष्कळदा अर्धाच सांगितला जातो. पहिला अर्धा असा: घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. रोजी काढून घेतली की जीव घेतल्यासारखेच होते, आणि माणूस फूटपाथवर राहतो तो रोजी जवळ असते म्हणून. महापालिकेने म्हटले, या लोकांनी उच्च न्यायालयात कबुली दिली होती की फूटपाथवर आमचा हक्क नाही. कोर्ट म्हणाले, मूलभूत हक्क कबुलीने सोडता येत नाही. इथवर वाचले की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. दुसरा अर्धा वेगळा आहे. फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे घर बांधण्याचा हक्क कोणालाही नाही, महापालिका ते हटवू शकते, असेच कोर्टाने ठरवले. १८८८च्या महापालिका कायद्याच्या ३१४व्या कलमात नोटिशीशिवाय अतिक्रमण काढण्याची मुभा आहे. ते कलम रद्द झाले नाही. फक्त एवढे सांगितले गेले की मुभा म्हणजे आज्ञा नव्हे, एरवी नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे. १९७६च्या गणतीतल्यांना पर्यायी जागा द्यावी, वीस वर्षे जुन्या आणि सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक गरजेशिवाय पाडू नयेत. आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हात लावू नये.

आमच्या मते कोर्टाने फूटपाथविषयी म्हटले ते बरोबरच आहे. चालणाराही गरीबच असतो, गाडीवाला फूटपाथवरून जात नाही. म्हाताऱ्या माणसाला, शाळेच्या मुलीला रस्त्यात उतरायला लावणारी वस्ती हा उपाय नव्हे. पण म्हणूनच नोटिशीचे मोल वाढते. ऐकून घेणे ही केवळ कारवाईची एक पायरी नाही. समोर माणूस आहे, ही त्याची पोच आहे. १९८१च्या जुलैत ती पोच दिली गेली नाही, आणि देणारा आपला होता म्हणून ती कमतरता भरून निघाली नाही. बसमध्ये कोंबलेल्यांत मुसलमान होते, दलित होते, तमिळ होते, सोलापूर-नगरचे मराठी होते. सरकार कोणाचे, हे त्यांना गाडीत विचारून काय उपयोग होता?

अंतुले यांच्या कारभाराची दुसरी बाजूही याच प्रश्नाकडे नेते. तेव्हा सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हातात. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १९८२च्या जानेवारीत निकाल दिला की बिल्डरांना झालेले सिमेंटवाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. तो अर्ज लढवणाऱ्यांत प. बा. सामंत होते. हेच बाबुराव सामंत पुढे मृणालताई गोऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेतून गोरेगाव-दिंडोशीला सामान्य माणसांसाठी हजारो घरे उभारायला झटले. मृणालताई म्हणजे गोरेगाव-मालाडच्या ‘पाणीवाली बाई’. १९६१ साली नगरसेविका झाल्या आणि हंडे घेतलेल्या बायकांना सोबत घेऊन महापालिकेला हैराण केले. सिमेंट असो की पाणी, टंचाईची वस्तू एका माणसाच्या मर्जीने वाटायची की नियमाने, हाच वाद होता. मर्जी चांगल्या माणसाची असली तरी ती मर्जीच.

अंतुले यांच्या खटल्याचा पुढचा टप्पा तर आम्हाला या सगळ्या कहाणीचा गाभाच वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्यांचा खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला होता. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आपलाच तो आदेश मागे घेतला. कारण असे की तो देताना अंतुले यांचे म्हणणे ऐकले गेले नव्हते, कायद्याने ठरवलेल्या न्यायालयाबाहेर त्यांना नेले गेले, आणि त्यामुळे घटनेच्या १४ व २१ या कलमांचा भंग झाला. तेच २१वे कलम, तेच ‘आमचे ऐकले नाही’ हे गाऱ्हाणे. तीन वर्षांपूर्वी हायवेकडेच्या मजुरांनी जे मागितले, ते माजी मुख्यमंत्र्यालाही मागावे लागले. त्यांना ते मिळाले, हे योग्यच झाले.

दरम्यान १९९२-९३ येऊन गेले. त्याविषयी या पानांवर खूप लिहिले गेले आहे, म्हणून इथे एकाच अंगाने बोलतो. जोगेश्वरीत राधाबाई चाळीत हिंदू कुटुंब जळाले, आजूबाजूच्या आणि वांद्र्याच्या वस्त्यांत मुसलमानांची घरे जळाली. सरकारचे पहिले काम जीव वाचवणे, ते झाले नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल त्याची साक्ष आहे. तो आयोगच राज्य सरकारने १९९६च्या जानेवारीत गुंडाळला होता, मेमध्ये पुन्हा उभा केला. पण जळाले त्यात आणखी काही होते: पेटीतले कागद. घर सोडून जी कुटुंबे मालवणीला, मुंब्र्याला, कुर्ल्याला नव्या जागी गेली, त्यांच्यापुढे थोड्याच काळात १ जानेवारी १९९५ ही तारीख आली. जुन्या जागेचा पुरावा राख झालेला, नव्या जागेचा अजून तयार व्हायचा. तारखेच्या नियमात दंगलीसाठी रकाना नसतो.

याच तारखेने पाणीही अडवले. १९९६च्या सरकारी परिपत्रकाने ठरवले की १९९५नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही. विचार असा की पाणी दिले तर माणसे आणखी येतील. माणसे यायची ती आलीच. फक्त पाणी नळाऐवजी शेजारच्या वस्तीतून, चोरट्या जोडणीतून, टँकरमधून येऊ लागले आणि त्याचा भाव महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट झाला. पाण्यासाठी सर्वात जास्त पैसे मोजणारा मुंबईकर हा झोपडीतला आहे, ही गोष्ट या शहरात कोणाला नवी नाही. बाया पहाटे ड्रम घेऊन रांगेत, मुली शाळा बुडवून. पाणी हक्क समितीने याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितले की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून तो नाकारता येत नाही. महापालिकेने धोरण आखावे. मात्र कायदेशीर घराइतकेच पाणी द्यावे असे बंधन नाही, दरही जास्त ठेवता येईल. (त्याच महिन्याच्या २ तारखेला अंतुलेसाहेबांचे निधन झाले होते.)

जास्त दर का, हे आम्हाला पटलेले नाही. तहान कमी-जास्त कायदेशीर नसते. तरी त्या निकालाने एक दार उघडले, हे मानायला हवे. किती पाणी द्यावे हे कोर्टाने ठरवावे का, हा प्रश्न जगात इतरत्रही आला. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत पाण्याचा हक्क सरळ लिहिलेला आहे. तरी जोहान्सबर्गच्या सोवेटोतल्या रहिवाशांच्या खटल्यात २००९ साली तिथल्या घटना न्यायालयाने लिटर ठरवून द्यायला नकार दिला आणि महापालिकेचे माणशी २५ लिटरचे धोरण चालू दिले. कोर्ट दार ठोठावू शकते, हंडा भरणे हे सरकारचेच काम राहते. आपल्याकडे ते रेंगाळले. महापालिकेच्या पहिल्या धोरणात फूटपाथवरच्या, रेल्वेसारख्या केंद्र सरकारी जमिनींवरच्या वस्त्या वगळल्या गेल्या. ‘सर्वांसाठी पाणी’ हे नवे धोरण आले ते २०२२च्या मेमध्ये, निकालानंतर सात वर्षांनी.

आणि शेवटी पुन्हा तानसाची ती पाइपलाइन. घाटकोपर, विद्याविहार भागात तिच्या अंगाला वस्त्या वाढल्या होत्या. शहराच्या पाण्याची सुरक्षा हे कारण खरे होते, न्यायालयाचा आदेश होता, आणि या वेळी पर्यायी घरेही होती. कायद्याच्या चौकटीत सगळे बसत होते. पण घरे होती माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. जनता कॉलनीची जागा जिथे होती, त्याच बाजूला. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. तरी हजारो कुटुंबे तिथे गेली. दमा, खोकला, कातडीचे विकार यांच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि लोक परत घाटकोपरच्या जवळ रस्त्यावर येऊन बसले, महिनोन् महिने. २०१९च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि अनामत द्या. सरकार या आदेशाविरुद्धही वर गेले. रस्त्यावर बसलेल्यांत बायकाच अधिक होत्या, आणि त्यांच्या हातांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत फोटोपास होते, तारखेआधीचे.